नालोंगोचा लेसू

“व्हय गं नालोंगो, काल धक्क्यावर तुजा नवरा गावला. म्या इचारलं, सालोंगो, घरातलं धाकटं बाळ बरं वाडतंय म्हनं? तर म्हनला, वाडतंय खरं मयंजा, पन नाक काय माज्यावर गेलं न्हाई त्येचं.”

“नाक नसंल, पन अंगभर क्यास तर हायत. तुज्या टकुऱ्यावर ते उगवायचं बंद झाल्याला किती पावसाळं झालं रं?”

“बघा! दिस उगवला न्हाई तवर टकलावर आली बया.”

“तू माज्या पोरावर आलास, म्या तुज्या टकलावर आले. फिटंफाट. आता त्यो फणस धर नीट, न्हाईतर बोटं जातील. माज्या बोटाचा शेंडा ग्येला त्येवढा बास हाय ह्या बेटाला.”

नालोंगोनं कोयता उचलला आणि राखणीच्या कामातला तिचा जोडीदार मयंजा यानं धरलेल्या फणसाची एका दणक्यात दोन शकलं केली. तिच्या पाठीवर, लेसूच्या झोळीत, किझ्झा नावाचं चिंपांझीचं पोरगं गाल टेकून झोपलं होतं. दणक्यानं ते जरा हललं, ओठ चोखले आणि पुन्हा निपचित झालं. लेसू म्हणजे त्या मुलखातल्या बाया कमरेला गुंडाळतात तो रंगीत कपडा. त्यानंच सरपण बांधायचं, त्यानंच घाम पुसायचा, पाऊस आला तर तोच डोक्यावर घ्यायचा, आणि घरात तान्हं असलं की त्यानंच ते पाठीला बांधायचं.

कासोझी बेटावरचा दिवस असाच फणसाच्या चिकानं सुरू व्हायचा. नालुबाले तळ्यातलं हे बेट. पल्याडच्या काठावरनं बघितलं तर पाण्यात म्हैस बसल्यासारखं दिसतं. म्हशीच्या मानेवर माणसांच्या चार खोल्या, एक स्वैपाकघर, एक दवाखाना. आणि करंटच्या तारेपलीकडं सगळं रान चिंपांझींचं. कुणाची आई शिकाऱ्यानं मारलेली, कुणी बाजारात साखळीला बांधलेलं, कुणी हॉटेलच्या दारात बिडी ओढायला शिकवलेलं. अशी सगळी इथं आणून सोडलेली. दिवसा ती रानात, आणि सांजच्याला पेज प्यायला जाळीच्या खोल्यांत.

नालोंगो हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हतं. गांडा लोकांत बाईला जुळं झालं की तिचं जुनं नाव गळून पडतं. ती नालोंगो होते, नवरा सालोंगो होतो, आणि मग मरेपर्यंत दोघांना तेच नाव आणि तोच मान. जुळ्याच्या आईला आणखी एक सवलत असते. ती तोंडाला येईल ते बोलली तरी कुणी कानावर हात ठेवत नाही. जुळ्याच्या बारशाला उघडीवाघडी गाणी म्हणायची रीतच आहे. बाकीच्या बाया ती गाणी बारशापुरती म्हणतात. आमच्या ह्या बाईनं ती कधी थांबवलीच नाहीत.

तिची जुळी पोरं, वास्वा आणि काटो, आता बापई झाली होती. एक राजधानीत, कंपालात, मोटरसायकलवर माणसं सोडायचा, दुसरा पल्याड मासे मारायचा. जुळ्यांच्या पाठीवर जे मूल होतं त्याचं नाव किझ्झा ठेवायचं, हेही ठरलेलं. नालोंगोच्या घरात ते मूल काही आलं नाही. नाव तेवढं राहून गेलं. मग दीड वर्षामागं सरहद्दीवरच्या चौकीतनं कोळशाच्या पोत्यात भरलेलं एक पिल्लू बेटावर आलं. पिल्लू कुठलं, कोळसाच वाटत होता. डोळे तेवढे ओले. नालोंगोनं ते पोत्यातनं उपसलं, मागनं उचलून बघितलं आणि म्हणाली, “पोरगी हाय. किझ्झा.” झालं बारसं.

नालोंगो बेटावर पहिल्यांदा आली ती राखणीला नव्हे, कामकऱ्यांचा स्वैपाक करायला. त्याआधी काठावर मासे धुरावायची. एकदा पेज घालणारा माणूस तापानं पडला तेव्हा घमेलं हिच्या हातात दिलं, आणि बिरुंगी नावाच्या थोराड मादीनं पेजेबरोबर जाळीतनं तिच्या बोटाचा शेंडाही नेला. दुसऱ्या दिवशी बोटाला चिंधी गुंडाळून ही त्याच जाळीपुढं हजर. गुडघ्यावर बसली, सासरच्या वडीलधाऱ्या बाईपुढं बसतात तशी रीतसर, आणि म्हणाली, “आत्याबाई, आहेर पोचला न्हवं? आता पुन्यांदा मागू नगासा.” बिरुंगीनं तिच्याकडं टक लावून बघितलं, आणि मग जाळीतनं हात काढून चिंधी हुंगली. तेव्हापासनं बिरुंगी तिची आत्या. रोज सकाळी गुडघ्यावर बसून रामराम केल्याशिवाय ही बाई घमेल्याला हात लावायची नाही.

आत्या म्हटलं तेही उगाच नव्हे. त्या लोकांत पोरीला वळण लावायचं काम आईचं नसतं, बापाच्या बहिणीचं असतं. कसं बसायचं, कसं उठायचं, नवऱ्याशी कसं वागायचं, सगळं आत्या शिकवते. आईनं मध्ये तोंड घातलं तर लोक आईलाच हसतात. म्हणून किझ्झा अंगानं भरली, दात आले, फणसाचे गरे मागायला लागली, तेव्हा नालोंगो म्हणाली, “आता हिला आत्याकडं धाडाय पायजे.”

बेटावरचे जनावरांचे डॉक्टर अतुहैरे हेच म्हणत होते, फक्त त्यांच्या तोंडी आत्या नव्हती. कळपात आणखी तीन थोराड माद्या होत्या, पण परक्या पोराला जवळ करील अशी एकटी बिरुंगीच. आधी जाळीच्या दोन बाजूंनी दोघींची ओळख करून दिली. मग एका खोलीत ठेवलं. बिरुंगी किझ्झाच्या उवा बघायची, तिला कुशीत घेऊन झोपायची. सगळं सुरळीत. राहिलं होतं ते रान. रानाकडच्या दाराची फळी उघडल्यावर बिरुंगी उठणार, कळपामागं जाणार, आणि पोर तिच्या अंगावर असलं तरच पोर कळपाचं होणार.

“आणि नाही झालं तर?” असं डॉक्टरांना कुणी विचारायच्या आधीच त्यांनी सांगून ठेवलं होतं. शनिवारी पल्याडच्या मोठ्या पिंजऱ्याची, म्हणजे प्राणिसंग्रहालयाची, नाव येणार होती, एका आंधळ्या नराला न्यायला. रानात ज्यांचा निभाव लागत नाही ती सगळी तिकडं. भिंत, जाळी, टायरचा झोका, आणि जन्मभर तेच.

“बिरुंगीनं टाकली तर दुसरं कुणी घेणार नाही, नालोंगो,” डॉक्टर म्हणाले होते. “आणि तिला इथं एकटी तुमच्या पाठीवर किती दिवस ठेवायची? उद्या ती तुम्हालाच पाठीवर घेईल, एवढी वाढेल.”

“घिऊ दे की. माज्या नवऱ्यानं तर कवा घेतलं न्हाई.”

डॉक्टर ओशाळले. देशाच्या पश्चिम भागातला माणूस, मऊ बोलणारा. त्याला ह्या बाईच्या तोंडाची सवय व्हायची होती. पण नालोंगोनं हसता हसता शब्द देऊन टाकला होता. मंगळवारी किझ्झा आत्याच्या पाठीवर बसून रानात जाणार. धक्क्यावर सांगितलं, बाजारात सांगितलं, चर्चमधल्या बायांना सांगितलं. सालोंगोला केळीच्या पानात बांधलेला मटोके, म्हणजे कच्च्या केळ्यांचा उकडलेला लगदा, आणि शेंगदाण्याचं कालवण घेऊन बोलावलं होतं. पोर आत्याकडं निघालं म्हणजे जेवण झालं पाहिजे.

तो मंगळवार हाच.

दहाच्या सुमाराला पाव्हण्यांची नाव लागली. जनावरं बघत देशभर हिंडणारी गोरी मंडळी, सिंह बघून झाले होते, हत्ती बघून झाले होते, आता चिंपांझी. खाकी टोप्या, गळ्यात दुर्बिणी. पाव्हण्यांना मचाणावर नेऊन उभं करायचं काम मयंजाचं. तो त्या वेळेपुरता अंगात कोट चढवल्यासारखा बोलायचा. तारेला हात लावू नका, ओरडू नका, खायला देऊ नका.

एक उंच, पिकल्या केसांची बाई नालोंगोच्या पाठीकडं बघत राहिली. तिनं मयंजाला काही विचारलं.

“काय म्हनती?” नालोंगोनं विचारलं.

“पोरीला जरा घिऊ का म्हनती.”

“सांग, आज तिला आत्याकडं जायाचंय. आन म्हनावं, कुनाला तरी घ्याचंच असंल तर मयंजा रिकामाच हाय.”

मयंजानं काय सांगितलं कुणास ठाऊक, पण बाई हसली आणि हात मागं घेतला.

नालोंगो जाळीच्या खोलीकडं गेली. पाठीवरची गाठ सोडली, किझ्झाला आत ठेवलं, आत्यापुढं गुडघ्यावर बसली. “आत्याबाई, पोर तुमच्या हवाली. खोडी केली तर हाना, पन सांबाळा.” मग बाहेर येऊन मचाणाखाली उभी राहिली. लेसू कमरेला गुंडाळला. छाती पुढं काढली. डॉक्टरांनी मान हलवली, आणि फळी सरकली.

आधी कळप गेला. सगळ्यात पुढं मेजर, कळपाचा म्होरक्या नर, खांदे उडवत, जसं काही पाव्हणे त्याच्याच लग्नाला आलेत. मग इतर. सगळ्यात शेवटी बिरुंगी आली. दाराबाहेर थांबली. वळून बघितलं, हात लांब केला. किझ्झा तुरुतुरु आली आणि आत्याच्या पाठीवर चढली.

“चडली!” मयंजा वरनं ओरडला. गळ्यातल्या दुर्बिणी सगळ्यांच्या डोळ्यांना लागल्या.

बिरुंगी उठली आणि चालायला लागली. चार पावलं गेली न गेली तोच किझ्झा तिच्या पाठीवरनं घसरली आणि पोत्यातनं रताळं पडावं तशी धपकन खाली आली. बिरुंगी थांबली. मागं आली. पाठ दिली. किझ्झा पुन्हा चढली. बिरुंगी चालली. किझ्झा पुन्हा खाली.

पाव्हण्यांतनं कुणीतरी हसलं, कुणीतरी ‘अरेरे’ केलं. पिकल्या केसांची बाई मयंजाला विचारायला लागली, पोरगी आजारी आहे का.

नालोंगो हसली नाही. ती किझ्झाचे हात बघत होती. पोर आत्याच्या पाठीवर चढायची ती सरळ पोटावर पडायची, गाल टेकायची, आणि दोन्ही हात छातीखाली दुमडून गप राहायची. एक केस धरायची नाही. पडून राहायची आणि वाट बघायची. तिसऱ्यांदा पोर पाठीवर तशी पालथी झाली तेव्हा नालोंगोचा उजवा हात आपोआप कमरेकडं गेला. लेसू ओढायला.

हात तिथंच थांबला.

“आगं माजे आई,” ती म्हणाली. “ही गाठ मारायची वाट बघतीया.”

तिसऱ्यांदा पोर खाली आली तेव्हा बिरुंगीनं तिला एका बोटानं ढोसलं, उलटं करून बघितलं, तोंड फिरवलं आणि रानात निघून गेली. किझ्झा उठून बसली, आणि असा काही टाहो फोडला की मचाणावरच्या बायांनी कानांवर हात ठेवले.

डॉक्टर नालोंगोपाशी आले. बोलण्यासारखं त्यांच्याजवळ होतं. पिल्लू आलं त्याच आठवड्यात त्यांनी सांगितलं होतं की चिंपांझीची आई पोराला पोटाशी घेते, आणि धरायचं काम पोराचं असतं, तेव्हा तुम्हीही पोटाशी धरा, बांधू नका. त्यावर ही म्हणाली होती, “पोटाशी पोर घिऊन फणस कापू का पोर कापू?” त्या मुलखात दोन्ही हातांना काम असलेली बाई पोराला पाठीवरच बांधते. वाकायचं, पोर पाठीवर पालथं टाकायचं, लेसू फिरवून छातीवर गाठ मारायची. पोर वळवळलं की गाठ आणखी आवळायची. पोर शिकतं ते एवढंच, की पालथं पडायचं आणि गप राहायचं. नालोंगोची आई तशी वाढली, ती तशी वाढली, तिची जुळी पोरं तशी वाढली. डॉक्टरांनी पुढं विषय सोडला होता. पोर वजन धरत होतं, बाई खूश होती.

“माझंही चुकलं,” ते म्हणाले. “मी तेव्हा हट्ट धरायला पाहिजे होता.”

“तुमी कशाला धरताय हट्ट? धरायचं तर हिनं हुतं.” नालोंगोनं फळीच्या दारातनं जाऊन किझ्झाला उचलून आणलं होतं. पोर सवयीनं तिच्या पाठीकडं सरकत होती. “शनिवार कवा हाय?”

“शनिवार शनिवारीच आहे.”

“मंग लई दिस हायत. शुक्रवारी परत फळी उघडा.”

“नालोंगो, बिरुंगीनं तोंड फिरवलंय. एकदा आणखी पोर पडली तर ती वळूनसुद्धा बघणार नाही.”

“पडनार न्हाई.”

“कशावरनं?”

“म्या बांदून बिगाडलीया. म्याच सोडून सुदारते. बास.”

तिनं कमरेचा लेसू सोडला, घडी केली आणि मचाणाच्या पायरीवरनं मयंजाच्या अंगावर फेकला. “ह्यो तुज्याकडं ठेव. माज्या हाताला लागू द्येऊ नगंस. सवय लई वंगाळ.”

स्वैपाकघरामागं एक कुंपणाचं अंगण होतं. तिथं तिनं मक्याच्या पिठाचं रिकामं पोतं घेतलं, डोकं आणि हात घालायला भोकं पाडली आणि अंगात चढवलं. चिंपांझीला धरायला केस असतात, माणसाला नसतात. पोतं तरी खरबरीत. मग ती धिप्पाड बाई हातापायांवर उतरली, किझ्झाला पोटाशी लावलं आणि चालायला लागली. पोर सुटली. परत लावली. परत सुटली. पोर खाली पडून बोंबलायची आणि मग पाठीवर चढून हात दुमडायची. नालोंगो अंग झाडून तिला खाली पाडायची.

“काय हारवलं गं?” मयंजानं खिडकीतनं विचारलं.

“तुजी अक्कल. हितंच कुटंतरी पडली आसंल.”

दुपारी सालोंगो आला. डोक्यावर केळीच्या पानातली मटोकेची मोटळी, हातात कालवणाचं भांडं. कुंपणापाशी येऊन उभा राहिला आणि बायकोकडं बघतच राहिला. ती पोत्यात, चारी पायांवर, घामानं निथळत होती, आणि पोटाखाली मातीत एक केसाळ पोर बोंबलत होतं.

“घरात तर म्हनत हुतीस गुडघं दुखत्यात,” तो म्हणाला.

“तुज्यासाटी दुखत्यात. हिच्यासाटी न्हाई.”

मयंजा स्वैपाकघरात भिंतीला टेकून खाली बसला, इतका हसला. सालोंगोही हसला, आणि मग मोटळी पुढं करून म्हणाला, “हे जेवान आज हुतं न्हवं? धक्क्यावर तर समदे इचारत हुते, ग्येली का, ग्येली का. काय सांगू?”

“सांग, पडली. शुक्रवारी जानार.”

“आन शुक्रवारपतुर मटोके आंबंल.”

“मंग आज खाऊ. जेवायला कारन कशाला लागतंय?”

त्यांनी अंगणातच पान उघडलं. किझ्झानं कालवणात हात घातला. सालोंगोनं तिला बोटानं टपली मारली, तिनं त्याची टोपी ओढली. तो बराच वेळ पोरीकडं बघत होता. मासे मारणारा माणूस, बोलायला सावकाश. “नालोंगो,” तो म्हणाला, “ही पान्याला भेती का?”

“मरनाची. घमेलं सांडलं तरी भितीवर चडती.”

“मंग जिमिनीवर काय करतीयास? जिमिनीवर पडलं तर काय व्हतंय? कुल्ला शेकतो, बास. म्या पोरांना नाव धरायला कशी शिकवली? नाव हालवून.”

नालोंगोचा घास हातातच राहिला. मग तिनं तो तोंडात टाकला, हात पोत्याला पुसले आणि उठली. “बग मयंजा,” ती म्हणाली, “ह्येच्यासाटी म्या ह्येला ठेवलाय.”

तळ्याच्या काठाला जिथं नावा ओढतात तिथं उथळ पाणी होतं. नालोंगो त्यात चारी पायांवर शिरली. पाणी मनगटाला, मग कोपराला. किझ्झा पाठीवर होती, सवयीप्रमाणं हात दुमडून. नालोंगोनं अंग वाकडं केलं. पोर घसरली, तिचा एक पाय पाण्याला लागला, आणि तिनं असा काही हिसका दिला की दोन्ही हातांनी नालोंगोचे केस, आणि दोन्ही पायांनी पोत्याची कड, गच्च धरली.

“आयायायाय! केस सोड, रांडेच्चे! न्हाई, न्हाई, सोडू नगं! धर!”

सालोंगो काठावर मांडी ठोकत होता. डॉक्टर दवाखान्यातनं धावत आले. “नालोंगो, पाण्यात काय करताय? त्या पाण्यात किडे आहेत, रोग होईल!”

“मंग गोळी काडून ठेवा डाक्टर. येताना खाते.”

त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि गुरुवारी ती सकाळ-संध्याकाळ पाण्यात जात राहिली. आधी पोर पाठीवर धरायला शिकली, मग पोटाशी. पोटाशी घेऊन नालोंगो पाण्यावरनं चालायची. खाली पाणी, वर पोत्याचं पोट, दुसरीकडं जायला जागाच नाही. पोर डोळे मिटून मुठी आवळायची. मग काठावर. मग चिखलात. मग नुसत्या अंगणात, जिथं पाणी नव्हतं. तिथं एकदोनदा पडली, रडली, आणि आपणहून परत धरलं. नालोंगोच्या डोक्यावरचे केस जागोजागी उपटून निघाले. मयंजा म्हणाला, “आता तू बी माज्यात आलीस.” त्यावर तिनं जे उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही.

रात्री किझ्झा बिरुंगीच्या शेजारच्या खोलीत झोपायची. बिरुंगी जाळीपाशी यायची, बघायची आणि पाठ करून झोपायची. नालोंगो रोज सकाळी गुडघ्यावर बसायची. आत्या घमेल्यातली पेज प्यायची, पण पूर्वीसारखा हात जाळीतनं काढायची नाही.

शुक्रवारी पाव्हणे नव्हते. मचाण रिकामं. डॉक्टर तारेपाशी, मयंजा फळीच्या दोरीपाशी, आणि नालोंगो जाळीपुढं, गुडघ्यावर.

“आत्याबाई,” ती म्हणाली, “पोरीला वळान न्हाई म्हनून तुमी रागावला. बराबर हाय. त्ये तिचं न्हाई, माजं चुकलं. आईनं आत्याच्या कामात हात घातला की आसंच व्हतं. आता बघा एकडाव. न्हाई पटलं तर ढोसा.”

मयंजानं दोरी ओढली. फळी सरकली.

कळप गेला. बिरुंगी उठली, आणि या वेळी दाराशी थांबली नाही. सरळ बाहेर. किझ्झा मागनं धावली, हूं हूं करत. बिरुंगी चालतच राहिली. पोर तिच्या मागच्या पायाला जाऊन चिकटली. बिरुंगीनं पाय झाडला. पोर सुटली नाही. बिरुंगी थांबली, खाली बघितलं आणि पुन्हा पाय झाडला, जरा जोरात. पोर पायाबरोबर वर गेली आणि पायाबरोबर खाली आली.

“धर,” नालोंगो दातांत म्हणाली. “धर, धर, धर.”

आणि तेवढ्यात मेजरला हुक्की आली. म्होरक्याला रोज एकदा ती येतेच. अंगावरचे केस ताठ झाले, झाडाच्या रुंद मुळावर त्यानं पायांनी धडधड ढोल वाजवला, एक फांदी ओढत, आरोळी ठोकत, तो सगळ्या कळपातनं मुसंडी मारत आला. माद्या चहूकडं पांगल्या. बिरुंगीसुद्धा उधळली. डॉक्टरांनी तार धरायला हात पुढं केला आणि आठवण होऊन मागं घेतला.

उधळता उधळता बिरुंगीनं एक हात मागं टाकला, पायाशी लोंबणारं पोर खेचून पोटाशी घेतलं, आणि तो हात लगेच सोडला, कारण पळायला तिला चारही लागतात. सोडला तो सोडलाच. तिनं ओंडक्यावरनं उडी मारली, झुडपातनं गेली, उंबराच्या बुंध्यावर सरसर चढली. मागं धुरळा आणि मेजरची आरोळी.

खाली काही पडलं नाही.

मग वरच्या फांदीवर ती बसलेली दिसली. छातीशी एक काळा गोळा, आणि त्या गोळ्याच्या चारही मुठी तिच्या केसांत रुतलेल्या. बिरुंगीनं मान वाकवून पोराकडं बघितलं. एक मूठ सोडवायला बघितली. सुटली नाही. मग तिनं नाद सोडला आणि किझ्झाच्या डोक्यातल्या उवा बघायला सुरुवात केली.

डॉक्टरांनी टोपी काढून तोंड पुसलं. “नालोंगो...”

“गोळ्या किती ऱ्हायल्यात त्या पान्याच्या?” ती म्हणाली. “त्येवड्या द्या. पान्यातलं काम झालं.”

सांजच्याला कळप पेज प्यायला आला. बिरुंगीबरोबर किझ्झा. नालोंगोनं मगातनं पेज ओतली. आत्या आधी स्वतः प्यायली, मग तिनं पोराला ओठ लावू दिला. जाळीतनं हात काढून नालोंगोच्या कपाळावरचे उपटलेले केस तिनं हुंगले.

“बोलीव की पोरीला,” मयंजा हळूच म्हणाला. “यील ती तुज्याकडं.”

“कशाला? आत्याकडं हाय ती.” तिनं रिकामा मग आपटून घमेल्यात टाकला. “तू ती मागली खोली धुतलीस का? का पाव्हनं येऊन धुनार हायत?”

शनिवारी पल्याडची नाव आली. नावाड्यानं आंधळ्या नराला न्यायचा मोठा पिंजरा उतरवला, आणि त्यामागनं एक लहान.

“ल्हानगं कुटंय?” त्यानं विचारलं. “सांगितलं हुतं दोन हायत म्हनून.”

“ल्हानगं रानात ग्येलं.”

“मंग ह्यो रिकामाच न्यायचा व्हय?”

“रिकामा कशाला? मयंजाला बसीव त्येच्यात. टायरचा झोका हाय म्हनं तिकडं, रमंल.”

नावेतनं नव्या आठवड्याचे फणस उतरले होते. नालोंगोनं त्यातला सगळ्यात थोरला निवडला, वाकली, पाठीवर घेतला आणि मयंजाकडं हात केला. त्यानं खांद्यावरचा लेसू काढून दिला. चार दिवस तो त्याच्याकडंच होता. तिनं तो फणसावरनं फिरवला आणि छातीवर गाठ आवळली.

“आता फनस बी बांदाय लागली,” मयंजा म्हणाला. “त्येला बी बिगाडशील.”

“ह्येला हात न्हाईत, मुडद्या. म्हनून तर बांदलाय.” ती चढाला लागली होती. “चल, कोयता घे. मेजरचा ढोल वाजायच्या आत कापून झालं पायजे.”